उलटं म्हणजे नेमकं कसं?

"मॅडम, पान उलटं आलंय."

रात्रीचे साडेनऊ, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, आणि फोनवर नारायण पेठेतल्या एका छापखान्याचा ऑपरेटर. दिवाळीला तीन आठवडे उरलेले. त्या दिवसांत छापखान्यातला माणूस नमस्कार-चमत्कार करत बसत नाही.

"उलटं म्हणजे कसं?"

"उलटं म्हणजे उलटं! आता उलटं कसं असतं?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे त्याला तेवढाच एक शब्द आहे. डोकं खाली गेलेलं पान उलटं. आरशात दिसावं तसं आलेलं पानही उलटं. कागदाच्या पाठीवर छापलं गेलं तरी उलटं. स्वेटरची आतली बाजू बाहेर आली तर तोही उलटा, आणि तो विणताना एक टाका सुलट, एक टाका उलट. समोरासमोर बोलताना काही अडत नाही, कारण माणूस तळहात फिरवून दाखवतो. फोनवर तळहात दिसत नाही.

मी स्कूटर काढून गेले. पान डोकं खाली करून आलं होतं. साबणाची की सोन्याची कसलीशी जाहिरात होती, आणि मजा म्हणजे संगणकाच्या पडद्यावर ती फाईल उघडली की सरळ दिसायची. पीडीएफच्या पानाला स्वतःची एक चिठ्ठी चिकटवलेली असू शकते : 'दाखवताना मला १८० अंशांनी फिरवा'. जाहिरात पाठवणाऱ्याने पान उलटं स्कॅन करून ही चिठ्ठी लावून दिली होती. पडदा चिठ्ठी वाचत होता. मी लिहिलेला प्रोग्राम वाचत नव्हता.

ही २०११ सालची गोष्ट. मी तेव्हा छापखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहीत असे. पानं मोठ्या कागदावर मांडायचं, म्हणजे इम्पोझिशनचं सॉफ्टवेअर.

काम सांगायला सोपं आहे. पुस्तकाची पानं एकेक करून कुणी छापत नाही. डेमी आकाराच्या पुस्तकासाठी १८ बाय २३ इंचांचा कागद घेतला तर त्याच्या एका अंगाला ८ पानं बसतात, दोन्ही अंगांना मिळून १६. हा झाला एक फॉर्म. छापलं की कागदाला तीन घड्या घालायच्या, कडा कापायच्या, आणि मग १ ते १६ पानं ओळीने उलगडली पाहिजेत. त्यासाठी सपाट कागदावर ती वेड्यासारखी मांडावी लागतात. एका अंगाला खालच्या रांगेत ४, १३, १६, १. वरच्या रांगेत ५, १२, ९, ८, आणि ही वरची चारही डोक्यावर उभी, खालच्यांच्या डोक्याला डोकं लावून.

हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, मामाने शिकवलं. मामा जुळारी. १९६८ साली तो छापखान्यात लागला तो खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला, आणि वीस-बावीस वर्षं त्याने तेच केलं. डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आलं तेव्हा केसमधले, म्हणजे खणांच्या पेटीतले, खिळे वजनावर विकले गेले आणि मामा पेस्टिंगच्या टेबलावर जाऊन बसला. मी त्याला विचारलं, पानांचा हा क्रम तू लक्षात कसा ठेवतोस? त्याने रद्दीतला एक कागद घेतला, तीन घड्या घातल्या, घडी न उलगडता पेन्सिलीने आत बोट घालून घालून कोपऱ्यांवर १ ते १६ आकडे टाकले, आणि कागद उघडून माझ्यासमोर ठेवला. "लक्षात कशाला ठेवायचं? कागदाला ठाऊक असतं." मग म्हणाला, "शेजारच्या दोघांची बेरीज १७ आली पाहिजे. नाही आली तर बाइंडरकडून ऐकून घ्यायचं." ४ आणि १३, १६ आणि १, ५ आणि १२, ९ आणि ८. मी पाठीमागची बाजू बघितली : २ आणि १५, १४ आणि ३. बरोबर १७.

तो कागद मी कितीतरी दिवस पाकिटात बाळगत होते.

कागदाला ठाऊक असतं ते संगणकाला सांगावं लागतं. पीडीएफमध्ये एखादी गोष्ट कुठे आणि कशी ठेवायची हे सांगायला एक एवढीशी आज्ञा आहे आणि तिच्या आधी सहा आकडे लिहायचे असतात. आकड्यांच्या या मांडणीला मॅट्रिक्स म्हणतात. सहा आकड्यांना मी माझ्यापुरती क, ख, ग, घ, च, छ अशी नावं ठेवली होती. पानावरचा कुठलाही बिंदू घ्या. त्याचं आडवं अंतर आणि उभं अंतर माहीत असलं की :

नवं आडवं = क × जुनं आडवं + ग × जुनं उभं + च
नवं उभं = ख × जुनं आडवं + घ × जुनं उभं + छ

एवढंच. फिरवणं, मोठं-लहान करणं, सरकवणं, तिरकं करणं, आरसा दाखवणं, सगळं यात मावतं. पण सूत्र बघून कुणाला काही दिसत नाही, मलाही दिसत नव्हतं. मला दिसायला लागलं ते काड्यांमुळे. आगपेटीतल्या दोन काड्या टेबलावर ठेवा, एक आडवी आणि एक उभी, दोघींची खालची टोकं एका जागी. मॅट्रिक्सची पहिली जोडी, क आणि ख, सांगते की आडव्या काडीचं टोक आता कुठे गेलं. दुसरी जोडी, ग आणि घ, उभ्या काडीचं टोक सांगते. तिसरी जोडी सांगते की दोघींचा सांधा कुठे गेला. सहा आकडे म्हणजे दोन काड्यांचं वर्णन, बाकी काही नाही.

उदाहरणार्थ पहिले चार आकडे १, ०, ०.२१, १. आडवी काडी जागच्या जागी, उभीचं टोक थोडं उजवीकडे कललेलं. साधारण १२ अंशांचा कल. हेच ते वर्ड वगैरेंमधलं तिरकं अक्षर. इंग्रजीचं जाऊ द्या, पण देवनागरीला हा मॅट्रिक्स लावलेला मला बघवत नाही. शिरोरेखा मुकाट्याने आडवी राहते आणि तिला लटकलेले सगळे काने वादळात सापडल्यासारखे एका अंगाला झुकतात. लग्नपत्रिकावाल्यांना मात्र तो फार आवडतो.

तर, वरच्या रांगेतली पानं डोकं खाली करायची होती. मी काड्या अर्ध्या फेरीने फिरवल्या : आडवी डावीकडे तोंड करून, उभी खाली तोंड करून. −१, ०, ०, −१. सरकवायचं काही नाही म्हणून शेवटचे दोन शून्य. फाईल बनवली, उघडली. कागद कोरा.

तासभर मी छापायचा भाग चुकला असेल म्हणून तो तपासत बसले. काहीही चुकलेलं नव्हतं. पान इमानेइतबारे फिरलं होतं, फक्त कागदाच्या बाहेर जाऊन पडलं होतं. पीडीएफमधला आरंभबिंदू कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि फिरणं होतं ते त्या कोपऱ्याभोवती. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात खिळा ठोकलाय आणि तुम्ही ते अर्धी फेरी फिरवलंय, असं समजा. ते खिळ्याच्या खाली आणि डावीकडे जाणार. आडवं १००, उभं २०० असलेला बिंदू −१००, −२०० वर गेला, आणि तिथे टेबलसुद्धा नाही, कागद कुठला?

उपाय शेवटच्या जोडीत होता. छपाईचं माप पॉइंटात चालतं, एका इंचात ७२ पॉइंट. माझ्या एका पानाची जागा पावणेसहा बाय नऊ इंचांची, म्हणजे ४१४ बाय ६४८ पॉइंट. फिरवून झाल्यावर पान तेवढंच उजवीकडे आणि तेवढंच वर उचलून ठेवायचं : −१, ०, ०, −१, ४१४, ६४८. पान आपल्या जागी परत आलं, डोकं खाली करून. हे सहा आकडे मला अजून पाठ आहेत. घरचा जुना फोन नंबर पाठ असतो तसे.

इथे एक शंका मला फार छळायची. फिरवायला गुणाकार आणि सरकवायला बेरीज, असे दोन वेगळे व्यवहार का? चार आकड्यांचा चौकोनी मॅट्रिक्स कितीही आपटला तरी आरंभबिंदूला हलवू शकत नाही, कारण शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. मग प्रत्येक बिंदूच्या मागे एक तिसरा आकडा लावतात, १, आणि मॅट्रिक्स तीन बाय तीनचा करतात. तो १ कुठून आला, कशासाठी आला, हे कुणी सांगत नाही. 'असं करायचं असतं' म्हणतात. आमच्याकडे दहावीत निश्चयकही असाच शिकवला होता. क्रेमरच्या पद्धतीने समीकरणं सोडवायची, क × घ − ख × ग, मार्क घ्यायचे आणि विसरून जायचं.

तो १ मला छापखान्यात समजला. कागदाची थप्पी टेबलावर ठेवली होती आणि कापायच्या मशिनवर न्यायच्या आधी एक पोरगा तिला कडेने हळूच ढकलत होता, कागदांत हवा शिरावी म्हणून. थप्पी तिरकी झाली. तळाचा कागद हलला नाही, त्याच्या वरचा जरा सरकला, त्याच्या वरचा आणखी. थप्पीकडे बघितलं तर ती कलली आहे. पण मधला कुठलाही एकच कागद घेतला, तर तो कललेला नाही, वाकलेला नाही, नुसता सरकलेला आहे. वरचं तिरकं अक्षर जसं झुकलं होतं, तसंच थप्पीचं झुकणं, फक्त एक मिती वर. आपलं सपाट चित्र म्हणजे थप्पीत १ उंचीवर असलेला कागद. तळाचा, शून्य उंचीचा कागद हलवता येत नाही हे खरंच आहे. म्हणून आपण तिथे चित्र काढतच नाही, एक मजला वर जाऊन काढतो. तिरकं करणं हा गुणाकार, म्हणून सरकवणंही गुणाकार झालं. बेरीज संपली.

बिंदूंना असा जास्तीचा आकडा लावण्याची कल्पना मोबिअसने १८२७ साली छापलेल्या पुस्तकात आहे. कडेला पीळ देऊन चिकटवलेली पट्टी ज्याच्या नावाने ओळखतात तोच मोबिअस. मॅट्रिक्स हा शब्द सिल्व्हेस्टरने १८५० मध्ये गणितात आणला, आणि आर्थर केलीने १८५८ मध्ये मॅट्रिक्सचा गुणाकार वगैरे नीट मांडला. लॅटिनमध्ये मॅट्रिक्स म्हणजे गर्भाशय. आणि छापखान्याच्या धंद्यात हा शब्द गणिताच्या कितीतरी आधीपासून आहे : खिळ्याचं तोंड ज्या साच्यात ओतलं जातं, तो साचा म्हणजे मॅट्रिक्स. मामाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग त्यात नवीन काय सांगतेस?"

हे गणित कागदापर्यंत पोचलं तो रस्ताही गमतीचा आहे. आयव्हन सदरलंडने १९६३ मध्ये एमआयटीत स्केचपॅड हा प्रोग्राम दाखवला. पडद्यावर प्रकाशाच्या पेनने चित्र काढायचं आणि ते फिरवायचं, लहान-मोठं करायचं. पुढे १९६८ मध्ये त्याने डेव्हिड इव्हान्सबरोबर कंपनी काढली, तिचं नाव झालं विमान चालवायला शिकवणाऱ्या यंत्रांसाठी. जॉन वॉरनॉक तिथे होता. न्यूयॉर्क बंदराचं त्रिमितीतलं चित्र हाताळण्यासाठी तिथे जी भाषा रचली गेली, तिच्यातल्या कल्पना घेऊन तो झेरॉक्स कंपनीत गेला, आणि १९८२ मध्ये चार्ल्स गेश्कीबरोबर त्याने अडोबी काढली. १९८४ ची पोस्टस्क्रिप्ट ही प्रिंटरला पान समजावणारी भाषा, १९९३ ची पीडीएफ, दोन्हींत तेच सहा आकडे त्याच क्रमाने आहेत. ब्राउझरमध्ये चित्र काढायच्या दोन पद्धती, कॅनव्हास आणि एसव्हीजी, तिथेही तेच. विमानं शिकवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीतून वाट काढत आलेलं गणित आता लग्नाच्या पत्रिका वळवतं.

क्रमाचं एक सांगायला हवं. शनिपारापाशी उभं राहून कुणाला सांगितलं, 'दहा पावलं चाल आणि डावीकडे वळ', आणि दुसऱ्याला सांगितलं, 'डावीकडे वळ आणि दहा पावलं चाल', तर दोघं वेगवेगळ्या ठिकाणी पोचतील. फिरवणं आणि सरकवणं यांची अदलाबदल करता येत नाही. एवढं कुणालाही पटतं. घोटाळा पुढे आहे : फाईलमध्ये आधी लिहिलेली आज्ञा पानाला शेवटी लागते. मी हे उलट (पुन्हा तोच शब्द) लिहून लिहून हैराण झाले होते. मग एका दुपारी लक्षात आलं की मी वाक्य चुकीच्या टोकाकडून वाचतेय. पहिल्यापासून वाचलं तर चौकट हलते : आरंभबिंदू तिकडे ने, अक्ष फिरव, आता काढ. शेवटापासून वाचलं तर चित्र हलतं : काढ, फिरव, तिकडे ने. आज्ञा त्याच, परिणाम तोच. अर्धी माणसं चौकट हलवतात, अर्धी चित्र हलवतात, आणि दोघं एका टेबलावर बसून भांडतात. मी चौकटवाली आहे. रांगोळी काढताना हात वाकडा करत बसण्यापेक्षा पाटच फिरवून घेणाऱ्यांपैकी.

आणि फिरवलेला पाट परत जागेवर ठेवायचा असतो. पीडीएफमध्ये त्यासाठी दोन खुणा आहेत, लहान क्यू आणि मोठा क्यू. लहान म्हणजे 'आत्ताची चौकट लक्षात ठेव', मोठा म्हणजे 'तिथे परत ये'. एकदा माझा मोठा क्यू राहिला. पानं जराशी आक्रसून, ०.९५ पट करून बसवायची होती. पहिलं पान ठीक. दुसऱ्याने पहिल्याच्याच चौकटीत उभं राहून स्वतःला आणखी ०.९५ केलं. तिसऱ्याने दुसऱ्याच्या. आठवं पान ०.६६ वर आलं, आणि अख्खा फॉर्म पुठ्ठ्याच्या डब्यात डबा घातल्यासारखा एका कोपऱ्याकडे निमुळता होत गेलेला. बघायला सुंदर होता. मालकांनी मात्र तो सौंदर्याच्या नजरेने बघितला नाही.

आता गणपती.

तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांचा हंगाम सुरू होतो. दिवाळी अंक संपले म्हणून मी जरा श्वास घेत होते, आणि पत्रिकांचं मांडणीचं कामही आमच्या सॉफ्टवेअरवर आलं. एका मोठ्या कागदावर सहा पत्रिका. प्रत्येकीच्या माथ्यावर गणपतीचं चित्र. चाचणी घेतली तर मजकूर बरोबर, गणपती डोकं खाली.

कारण साधं होतं. पीडीएफमध्ये उभं अंतर खालून वर मोजतात, शाळेतल्या आलेख कागदासारखं. संगणकाच्या पडद्यावर वरून खाली मोजतात, कारण जुन्या काचेच्या पडद्यावरचा किरण वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळी रंगवत खाली यायचा. चित्र बसवायचा भाग लिहिताना मी पडद्याच्या डोक्याने विचार केला होता. उभ्या काडीचं तोंड खाली गेलं होतं. म्हणजे १, ०, ०, −१.

रात्र झाली होती. डोकं खाली आहे ना, मग अर्धी फेरी फिरवा. −१, ०, ०, −१ माझ्या हातात तयारच होता. लावला. गणपती डोकं वर करून बसला. मी फाईल पाठवून दिली आणि झोपले.

पाचशे पत्रिका छापून, घड्या घालून, पाकिटात भरून गेल्या. तिसऱ्या दिवशी नवऱ्यामुलाच्या आजी स्वतः छापखान्यात आल्या. मालकांनी मला बोलावून घेतलं होतं. आजींनी पत्रिका टेबलावर ठेवली, चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, "आम्ही डाव्या सोंडेचा दिला होता. हा उजव्या सोंडेचा आहे."

मी मूळ चित्र काढून शेजारी ठेवलं. सोंड फिरली होती. सुळे बदलले होते, मोदक या हातातून त्या हातात गेला होता. बाकी गणपती इतका समसमान की मजकूर तपासणाऱ्या तिघांच्या, माझ्या आणि मशिनवाल्याच्या नजरेतून सुटला. (त्यात भर म्हणजे गणपतीची डावी आपली उजवी. मालक आणि मी दोन मिनिटं त्यावरच अडखळलो. आजी अडखळल्या नाहीत.) "उजव्याचं सोवळं कडक असतं हो," त्या म्हणाल्या, रागावून नव्हे, समजावून सांगितल्यासारखं. "कुठेही पडणाऱ्या पत्रिकेवर तो नको."

पुढच्या पाचशे पत्रिकांच्या कागदाचे अर्धे पैसे माझ्या पगारातून गेले. त्या रात्री मी वहीत गुणाकार करून बघितला. १, ०, ०, −१ वर −१, ०, ०, −१. उत्तर −१, ०, ०, १. आडव्या काडीचं तोंड डावीकडे, उभी जशीच्या तशी. शुद्ध आरसा.

उलटाचं उलट म्हणजे सुलट, असं आपण धरून चालतो. तेच उलट पुन्हा केलं तर ते खरं आहे. पण उलटं होण्याचे तीन प्रकार आहेत : अर्धी फेरी, आरसा आणि पाण्यातलं प्रतिबिंब. यांतले कुठलेही दोन वेगळे प्रकार एकावर एक केले की सुलट येत नाही, तिसरं उलटं येतं. अर्धी फेरी आणि प्रतिबिंब मिळून आरसा. आरसा आणि अर्धी फेरी मिळून प्रतिबिंब. प्रतिबिंब आणि आरसा मिळून अर्धी फेरी. सुलट धरून चौघांचं हे कुटुंब आहे, आणि त्यातून बाहेर पडता येत नाही. माझ्या गणपतीचा रोग होता प्रतिबिंब. त्याच्यावर अर्धी फेरी हे औषध नव्हतं, प्रतिबिंबच होतं.

आणि त्या रात्री तो दहावीतला निश्चयकही भेटला. क × घ − ख × ग. अर्ध्या फेरीचा येतो +१. आरशाचा −१. प्रतिबिंबाचा −१. निश्चयकाचा आकडा सांगतो क्षेत्रफळ किती पट झालं ते, आणि त्याचं चिन्ह सांगतं की वाटेत कुणी आरसा धरला होता का. पान कितीही गरगर फिरवा, डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होणार नाही. ऋण चिन्ह आलं की तो झालाच. दुसऱ्या दिवशी मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली : चित्र बसवताना निश्चयक ऋण आला तर थांब आणि विचार. आमच्या ऑफिसात त्या ओळीला सोंडेची ओळ म्हणत.

ऑपरेटरच्या फोनचाही बंदोबस्त झाला. मॉनिटरच्या खाली मी एक चिठ्ठी चिकटवली, दोन प्रश्नांची. शिरोरेखा वर आहे की खाली? काना अक्षराच्या उजवीकडे आहे की डावीकडे? रेखा खाली आणि काना डावीकडे : नुसतं फिरलंय. रेखा वर, काना डावीकडे : आरसा. रेखा खाली, काना उजवीकडे : प्रतिबिंब. तेव्हापासून 'उलटं आलंय' असा फोन आला की मी म्हणायचे, "काना कुठे आहे?" नवीन ऑपरेटरला वाटायचं, बाईंचं डोकं फिरलंय. जुना शेजारून सांगायचा, "अरे विचारतायत ते सांग."

पुढच्या वर्षी ब्राउझरमध्ये मांडणी आधीच दिसावी अशी टूम निघाली. कॅनव्हासवर काढायचं. कॅनव्हास पडद्याचा, वरून खाली मोजणारा, आणि माझे सगळे हिशोब पीडीएफचे, खालून वर. प्रत्येक आकडा बदलत बसण्यापेक्षा मी सुरुवातीलाच अख्खी चौकट उलथवली : १, ०, ०, −१. चौकटी जागेवर बसल्या, पानांच्या कडा बरोबर आल्या. फक्त मजकूरही चौकटीबरोबर उलथला. शिरोरेखा खाली, आणि अक्षरं तिच्यावर पाय वर करून उभी. होणारच होतं. प्रत्येक ओळ लिहिताना तेवढ्यापुरती चौकट पुन्हा उलथवायची, की झालं. दहा मिनिटांचं काम. मी चहा ठेवायला उठले.

तेवढ्यात मामा आला. तो अधूनमधून यायचा, माझं काम चाललंय का बघायला, किंवा चहाला. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर तो खुर्चीत बसून पडद्याकडे बघत होता. पडद्यावर एका लग्नपत्रिकेचा मजकूर, जसाच्या तसा उलथलेला.

"मामा, थांब, ते उलटं आहे. मी नीट करते."

"कुठे उलटं?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

"शिरोरेखा खाली आहे, मामा."

तो थोडा मागे सरकला, चष्म्यावरून बघितलं, आणि हसायला लागला. "अगं हो की. स्टिकमध्ये असंच दिसतं ना." स्टिक म्हणजे खिळे ओळीने लावायची हातातली पट्टी.

मग त्याने डावा हात पुढे केला, तळहातावर स्टिक धरल्यासारखा, अंगठा आत वळवून. खिळा म्हणजे मुळात आरशातलं अक्षर, कागदावर सरळ उमटावं म्हणून. तो तसाच, डोकं वर करून लावत गेलं तर ओळ उजवीकडून डावीकडे जाते आणि माणूस दर शब्दाला अडखळतो. म्हणून जुळारी खिळा डोकं खाली करून धरतो. खिळ्याच्या अंगावरची खाच वरच्या बाजूला. मग ओळ डावीकडून उजवीकडे चालते, बोलण्याच्या क्रमाने. फक्त शिरोरेखा तळाला जाते.

आरसा, आणि त्यावर अर्धी फेरी. मी मनात काड्या फिरवल्या. १, ०, ०, −१. वीस-बावीस वर्षं, रोजचे आठ तास, मामा या मॅट्रिक्समधून मराठी वाचत होता.

मी काही बोलायच्या आत तो पडद्याच्या जवळ वाकला होता. बोट काचेला न लावता ओळीवरून डावीकडून उजवीकडे चाललं होतं, आणि एका जागी थांबलं.

"हे बघ. 'शुभाशिर्वाद'. शि ऱ्हस्व पडलाय. दीर्घ पाहिजे."

मी बघितलं. मान वाकडी करून, डोळे बारीक करून, एकेक अक्षर लावत. वेलांटी डावीकडे होती.

आधी शी दीर्घ केला. मग चौकट.